श्वास, भिंत आणि दर्शन

जी वस्तू पाहिली जावी म्हणूनच घडवली गेली, ती पाहण्यामुळेच झिजत असेल, तर तिच्यावर श्रद्धा असणाऱ्याने आणि तिचा अभ्यास करणाऱ्याने तिच्याशी कसे वागावे, हा प्रश्न वरवर पाहता हवामानाचा, रसायनांचा आणि पर्यटकांच्या संख्येचा वाटतो. परंतु मुळात तो धर्मविचारातला प्रश्न आहे, कारण प्रतिमा म्हणजे काय, दर्शन घेणे म्हणजे नेमके काय घेणे, आणि जे नश्वर आहे असे धर्म स्वतःच सांगतो ते टिकवण्याचा अधिकार किंवा कर्तव्य कोणाला पोचते, हे सारे त्यात येते. गेल्या तीनचार दशकांत पुरातत्त्वाची जी नवी शाखा संगणकाच्या आधाराने वाढली, जिला ‘डिजिटल पुरातत्त्व’ असे नाव आहे आणि जिच्यातून ‘आभासी वारसा’ ही कल्पना रूढ झाली, तिने या प्रश्नाला एक व्यावहारिक उत्तर देऊ केले आहे: मूळ वास्तूचे इतके सूक्ष्म मोजमाप आणि छायाचित्रण करावे, की तिच्याजवळ न जाताही ती पाहता यावी. हे उत्तर तात्त्विक कसोटीला कितपत उतरते, हे तपासण्यासाठी चीनच्या वायव्येकडील दुनहुआंगजवळची मोगाओ लेणी आणि त्यांच्या जतनात आयुष्य घालवलेल्या फान जिनशी या पुरातत्त्वज्ञ विदुषीची कारकीर्द यांहून अधिक समृद्ध उदाहरण सापडणे कठीण आहे.

गान्सू प्रांतातल्या वाळवंटाच्या कडेला, एका नदीपात्रालगतच्या कड्यात ही लेणी खोदलेली आहेत. तिथल्या एका तांगकालीन शिलालेखानुसार इ. स. 366 मध्ये लेझुन नावाच्या भिक्षूने पहिले लेणे खोदले, आणि त्यानंतर सुमारे हजार वर्षे व्यापारी, अधिकारी, भिक्षू आणि स्थानिक घराणी यांनी त्यात भर घातली. आज चित्रे आणि शिल्पे असलेली 492 लेणी तिथे आहेत आणि भित्तिचित्रांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 45,000 चौरस मीटर भरते. अजिंठा ठाऊक असलेल्या वाचकाला या वर्णनात ओळखीचे काही जाणवेल, आणि ते योग्यच आहे. डोंगर पोखरून चैत्य आणि विहार निर्माण करण्याची जी परंपरा पश्चिम भारतात रुजली, तीच मध्य आशियातल्या कुचासारख्या नखलिस्तानांतून, व्यापारी तांड्यांच्या आणि भिक्षूंच्या पावलांनी दुनहुआंगपर्यंत पोचली. फरक दगडाचा आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मूर्ती कोरता येते, मोगाओचा कडा मात्र गोटे आणि वाळू घट्ट बसून बनलेला ठिसूळ खडक असल्यामुळे तिथल्या मूर्ती लाकूड-गवताच्या सांगाड्यावर माती लिंपून घडवलेल्या आहेत, आणि भिंतींवर गवत व भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा देऊन त्यावर रंगकाम केलेले आहे. म्हणजे हे सारे वैभव मुळात मातीच्या काही थरांवर उभे आहे.

या मातीत आणि मागच्या खडकात क्षार आहेत, आणि सर्व विवंचनेचे मूळ तिथे आहे. हवा कोरडी असते तोवर क्षार निमूट पडून राहतात. आर्द्रता वाढली की ते ओलावा शोषून विरघळतात, हवा पुन्हा कोरडी झाली की त्यांचे स्फटिक बनतात, आणि या आवर्तनात स्फटिक फुगून गिलाव्याला आतून ढकलतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, चित्राची भुकटी होते. वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे शतकानुशतके ही आवर्तने फार थोडी झाली. परंतु एका लहान खोलीत दिवसभर माणसांचे गट येऊ लागले, म्हणजे त्यांच्या श्वासातली वाफ, त्यांच्या अंगाची उष्णता आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू आत साठतो, दार उघडताच बाहेरची हवा आत शिरते, आणि भिंत त्या प्रत्येक बदलाची नोंद आपल्या अंगावर घेते. भारतीय मूर्तिपूजेच्या परंपरेत मूर्तीत प्राण प्रतिष्ठापित केल्याखेरीज ती पूजार्ह होत नाही, आणि ‘प्राण’ या शब्दाचा पहिला अर्थ श्वास हाच आहे. इथे मात्र भक्ताचा किंवा प्रेक्षकाचा प्राणच प्रतिमेच्या नाशाला कारण होतो. केवळ समोर उभे राहून श्वास घेणे हीच हिंसा ठरावी, अशी ही स्थिती आहे, आणि तिचा विचार पापपुण्याच्या जुन्या कोष्टकांत सहजी बसत नाही, कारण तिच्यात हेतू शुद्ध असतो आणि परिणाम मात्र घातक.

फान जिनशी यांचा जन्म 1938 मध्ये बीजिंगला झाला, त्या शांघायमध्ये वाढल्या आणि बीजिंग विद्यापीठात पुरातत्त्व शिकून 1963 मध्ये दुनहुआंगला रुजू झाल्या. वीज आणि पाणी यांची वानवा असलेल्या त्या ठिकाणी त्यांनी उभे आयुष्य काढले; त्यांचे पती पेंग जिनझांग हेही पुरातत्त्वज्ञ होते आणि वुहान विद्यापीठात शिकवत असत, त्यामुळे हे दांपत्य सुमारे एकोणीस वर्षे एकमेकांपासून दूर राहिले, आणि अखेर 1986 मध्ये पतीने आपले विद्यापीठ सोडून दुनहुआंग गाठले व तिथल्या उत्तरेकडील दुर्लक्षित लेण्यांचे उत्खनन हाती घेतले. विद्वत्तेच्या इतिहासात अशा त्यागाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, आणि त्यामुळे ज्ञान जणू आपोआप साठत गेले असा समज होतो. म्हणून ही एकोणीस वर्षे इथे मुद्दाम नोंदवणे आवश्यक वाटते. 1998 ते 2015 या काळात फान दुनहुआंग अकादमीच्या प्रमुख होत्या. त्यांच्या कारकिर्दीला निर्णायक वळण मिळाले ते जागतिक वारसा यादीच्या निमित्ताने, जिच्यात मोगाओचा समावेश 1987 मध्ये झाला. त्यासाठी प्रत्येक लेण्याची कागदपत्रे जुळवताना त्यांनी पॉल पेलिओ या फ्रेंच संशोधकाच्या मोहिमेत 1908 मध्ये घेतलेली छायाचित्रे प्रत्यक्ष भिंतींशी ताडून पाहिली, आणि ऐंशी वर्षांपेक्षा कमी काळात किती रेषा पुसट झाल्या, किती भाग गळून पडला, हे त्यांच्या ध्यानात आले. छायाचित्रेही पिवळी पडत होतीच. पुढे बीजिंगमध्ये संगणकाची ओळख झाली, त्यात साठवलेले चित्र अंकांच्या रूपात असल्यामुळे ते पिवळे पडत नाही हे समजले, तेव्हा लेणीच अंकांत उतरवावीत हा विचार त्यांच्या मनात रुजला. ज्या काळात त्या प्रदेशात संगणक हीच दुर्मीळ वस्तू होती, त्या काळातला हा विचार आहे.

दुनहुआंगमध्ये प्रत करणे ही गोष्ट मात्र नवी नव्हती. 1944 मध्ये तिथे पुढे अकादमी बनलेली संशोधनसंस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख चांग शुहोंग हे चित्रकार होते, त्यांच्यानंतरचे दुआन वेनजिए हेही चित्रकारच. आणि संस्थेचे प्रारंभीचे मुख्य काम भित्तिचित्रांच्या हाताने प्रती काढणे हे होते. या प्रतींचे तीन प्रकार मानले जात: भिंत आज जशी आहे तशीच, भेगा आणि डागांसह उतरवणारी प्रत; चित्र मूळ रंगवले गेले तेव्हा कसे असेल याचा अभ्यास करून त्या रूपात उभे करणारी प्रत; आणि या दोहोंच्या मधली, विद्रूप भाग थोडा आवरून घेणारी प्रत. दुआन यांनी 130 क्रमांकाच्या लेण्यातील दात्या घराण्याच्या स्त्रियांचे जे चित्र 1955 मध्ये दुसऱ्या पद्धतीने उतरवले, त्यासाठी त्यांना त्या काळचे वेश, केशरचना आणि इतर लेण्यांतली समकालीन चित्रे यांचा दीर्घ अभ्यास करावा लागला. मूळ चित्र त्यानंतर इतके विटले, की आज त्या स्त्रियांचे रूप जगाला मुख्यतः या प्रतीवरूनच ठाऊक आहे. इथे प्रत मूळ चित्राची साक्षीदार बनते, आणि साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर सारा भार येऊन पडतो.

प्रत निरुपद्रवी असतेच असे नाही, हे महाराष्ट्राला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्यात राहून काढलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांना, ज्यांत पेस्तनजी बोमनजी होते, बरोबर घेऊन नव्याने प्रती काढल्या, आणि त्यांतल्याही अनेक साउथ केन्सिंग्टनच्या आगीत 1885 मध्ये नष्ट झाल्या. दोनदा जळालेल्या या प्रतींची हळहळ वाटतेच; परंतु त्याहून खोल जखम मूळ भिंतींवर आहे, कारण रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून प्रती काढताना भिंतींवर व्हार्निश चढवले गेले, ते काळानुसार पिवळे-काळे पडले आणि त्याच्या ताणाने रंगही सुटू लागले. प्रत राहिली नाही आणि मूळ डागाळले. फान यांच्या पिढीने स्पर्शाविना प्रत करण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

अंकरूप प्रत तयार करण्याची रीत सांगायला सोपी आणि करायला अत्यंत कष्टाची आहे. भिंतीला समांतर रुळ मांडून त्यावरून कॅमेरा ठरावीक अंतराने सरकवला जातो, दोन्ही बाजूंनी समान आणि कमीत कमी इजा करणारा प्रकाश टाकला जातो, प्रत्येक छायाचित्र शेजारच्या छायाचित्रावर काही अंशी चढलेले असते, आणि मग एका लेण्याची ही हजारो छायाचित्रे संगणकावर एकमेकांना जोडून, वक्र छत आणि वाकड्या कोपऱ्यांतली विकृती दुरुस्त करून, एकसंध भिंत उभी केली जाते. लेसर किरण टाकून मिळवलेले अंतराचे मोजमाप या चित्राला आकार देते. गेटी संवर्धन संस्थेशी अकादमीचे सहकार्य 1989 पासून सुरू झाले, हवामानाच्या नोंदी घेणारी उपकरणे लेण्यांत बसली, आणि 2014 मध्ये लेण्यांपासून दूर एक अभ्यागत केंद्र उघडले, जिथे प्रेक्षक आधी घुमटाकार पडद्यावर लेण्यांचे दर्शन घेतात आणि मगच मोजक्या लेण्यांत, मोजका वेळ, आगाऊ नोंदणी करून जातात. 2016 मध्ये तीस लेणी जगातल्या कोणालाही संगणकावर पाहता येतील अशी खुली झाली. या उपक्रमाच्या संकल्पाचे शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत: कायमचे जतन आणि निरंतर उपयोग. ‘कायमचे’ हा शब्द एका बौद्ध स्थळाच्या संदर्भात वापरला गेला आहे, आणि त्याकडे पुढे परतावे लागेल.

केवळ नोंद ठेवणे आणि नोंदीतून एक जग उभे करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडणाऱ्या कामाला ‘आभासी पुरातत्त्व’ म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पॉल राइली यांनी 1990 च्या सुमारास रूढ केली. दुनहुआंगच्या बाबतीत हे अंतर ओलांडले ते न्यूझीलंडच्या सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांनी हाँगकाँगमध्ये 2012 साली उभारलेल्या ‘प्युअर लँड’ या रचनेत. केंडरडाइन यांची सुरुवात सागरी पुरातत्त्वात झाली, त्यांनी आणि शॉ यांनी त्याआधी हंपीच्या भूदृश्यावर ‘प्लेस-हंपी’ ही फिरत्या मंचावरून पाहायची त्रिमितीय रचना केली होती, आणि दुनहुआंगसाठी त्यांनी अकादमीने टिपलेल्या 220 क्रमांकाच्या लेण्याची निवड केली. प्रेक्षक एका मोठ्या वर्तुळाकार पडद्याच्या आत उभे राहतात, खास चष्म्यातून त्यांना चारी बाजूंना लेणे दिसते, भिंतीवरचा एखादा तपशील मोठा होऊन समोर येतो, विटलेले रंग अभ्यासाच्या आधारे पुन्हा उजळतात, आणि चित्रातल्या नर्तकींच्या जागी बीजिंगच्या नृत्य अकादमीतल्या प्रत्यक्ष नर्तकींची हालचाल उमटते.

हे लेणे निवडले जाण्यामागची कारणे तांत्रिक असतील, पण धर्मविचाराच्या दृष्टीने यापेक्षा अर्थपूर्ण निवड झाली नसती. झाई घराण्याने खोदवलेल्या या लेण्यात 642 हे वर्ष नोंदलेले आहे. दक्षिणेच्या भिंतीवर अमिताभ बुद्धाची पश्चिमेकडील सुखावती, म्हणजे ज्या शुद्ध भूमीत पुनर्जन्म मिळावा अशी भक्ताची आस असते ते स्वर्गसदृश क्षेत्र, रंगवलेले आहे. उत्तरेच्या भिंतीवर सात भैषज्यबुद्ध, म्हणजे रोगहरण करणारे बुद्ध, ओळीने उभे आहेत आणि त्यांच्यासमोर दिव्यांच्या झगमगाटात वादन-नर्तन चालले आहे. आणि पूर्वेच्या भिंतीवर, दाराच्या दोन बाजूंना, विमलकीर्ती हा गृहस्थ उपासक आणि मंजुश्री बोधिसत्त्व यांचा संवाद आहे. सुखावतीचा पंथ मुळातच मनाने पाहण्याच्या साधनेवर उभा आहे: मावळत्या सूर्यापासून सुरुवात करून पाणी, रत्नमय भूमी, वृक्ष, सरोवरे आणि अखेर अमिताभाचे रूप डोळे मिटूनही दिसेल इतके स्थिर करावे, अशी सोळा पायऱ्यांची भावना त्यात सांगितली आहे. भिंतीवरचे चित्र त्या साधनेला आधार देण्यासाठी काढलेले आहे. ते साध्य नव्हे, शिडी आहे. म्हणजे अस्सल भिंतही आधीपासूनच एका न पाहिलेल्या जगाची आभासी रचना होती, आणि केंडरडाइन यांच्या पडद्यावर दिसते ती त्या रचनेची रचना.

बौद्ध परंपरेला या पदरापदरांच्या नात्याचे भान फार आधी होते. पाली वाङ्मयात पूज्य वस्तूंचे तीन वर्ग केलेले आहेत: बुद्धाच्या देहाचे अवशेष ते शारीरिक, त्याने वापरलेल्या वस्तू, आणि बोधिवृक्षही, ते पारिभोगिक, आणि त्याला उद्देशून घडवलेल्या प्रतिमा ते उद्देशिक; आणि एका जातककथेत तर उद्देशिक वस्तूंना खरा आधार नाही, त्या केवळ मनावर अवलंबून आहेत असे सांगून त्यांना खालचे स्थान दिलेले आहे. पुढच्या काळात प्रतिमापूजा सर्वत्र फोफावली, तरी हा इशारा विसरला गेला नाही. वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता ग्रंथ तर रूपाच्या लक्षणांवरून तथागताला ओळखता येणार नाही असेच प्रतिपादन करतो. आणि याच ग्रंथाची जगातली सर्वांत जुनी, नक्की तारीख असलेली छापील प्रत, इ. स. 868 ची, दुनहुआंगच्याच 17 क्रमांकाच्या दालनातून मिळाली, जिच्या शेवटी वांग जिए नावाच्या उपासकाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करवल्याचे नोंदवलेले आहे. रूप मिथ्या आहे असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या प्रती पुण्य म्हणून वाढवणे, यात परंपरेला विसंगती वाटली नाही, कारण पुण्य कागदात नव्हे तर देण्याच्या कृतीत होते. ‘मूळ एकच, बाकी नकला’ हा वस्तुसंग्रहालयांचा जो पाया आहे, तो या परंपरेचा पाया कधीच नव्हता, आणि म्हणून अंकरूप लेण्याला ‘नुसती नक्कल’ म्हणून बाजूला सारणे हा बाहेरचा निकष आत लादण्याचा प्रकार होईल.

विमलकीर्तीच्या सूत्राचा, ज्याचा चिनी अनुवाद कुचाच्या कुमारजीवाने 406 मध्ये केला, एक प्रसंग या संदर्भात टाळता येत नाही. आजारी विमलकीर्तीच्या रिकाम्या, चिमुकल्या खोलीत बसायला आसने नाहीत अशी शंका शारिपुत्राच्या मनात येते, तेव्हा विमलकीर्ती दूरच्या एका बुद्धक्षेत्रातून बत्तीस हजार प्रचंड सिंहासने आणवतो, आणि ती सारी त्या खोलीत विनाअडथळा मावतात. पुढे तो एका मायानिर्मित बोधिसत्त्वाला सुगंधी क्षेत्रात पाठवून सर्वांसाठी अन्न मागवतो, आणि ते अन्न खाणाऱ्यांची तृप्ती खरी असते. निर्मिताचा, म्हणजे शक्तीने उभ्या केलेल्या रूपाचा, परिणाम खरा असू शकतो, हा विचार तिथे कथेच्या अंगाने मांडलेला आहे. परंतु तो विचार आभासी रचनेला सरसकट अभयदान देत नाही. शारिपुत्राला आसनाची चिंता वाटते तेव्हा विमलकीर्ती त्याला विचारतो, की तू धर्मासाठी आलास की आसनासाठी. आणि झगमगत्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न लागू पडतो.

यावरून आभासी लेण्यात काहीच हरवत नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जे हरवते ते बहुधा ‘मूळपणाचे तेज’ या शब्दांत सांगितले जाते, आणि ते वर्णन पुरेसे नाही. खऱ्या लेण्यात पाहणारा आणि पाहिले जाणारे या दोघांचाही एकमेकांवर परिणाम होतो. पाहणाऱ्याला प्रवास, थंडी, रांग आणि अंधार सोसावा लागतो, आणि भिंतीला त्याचा श्वास सोसावा लागतो, म्हणून तिथे मर्यादा पाळावी लागते आणि ती मर्यादा पाळणे हाच दर्शनाचा एक भाग बनतो. पडद्यासमोर पाहणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही. तिथे भिंतीला इजा होत नाही, आणि या अर्थाने ती दृष्टीची अहिंसा आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण अहिंसा व्रत म्हणून पाळली जाते तेव्हा पाळणारा काही सोडत असतो, आणि इथे त्याला काही सोडण्याची गरजच पडत नाही. 2020 च्या आषाढीला साथीमुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा विठ्ठलाचे दर्शन पडद्यावर घरोघरी उपलब्ध होते. तरीही संतांच्या पादुका एसटीच्या बसने का होईना पंढरपुरास नेल्या गेल्या. वारकऱ्यांनी पडद्यावरचे दर्शन नाकारले नाही, परंतु कोणीतरी, काहीतरी प्रत्यक्ष तिथे पोचलेच पाहिजे हा आग्रह सोडला नाही, आणि दर्शनाच्या दोन अंगांचे, रूप पाहण्याचे आणि भेटीला जाण्याचे, वेगळेपण त्या आग्रहातून जितके स्पष्ट झाले तितके एखाद्या प्रबंधातूनही झाले नसते. दुनहुआंगच्या अभ्यागत केंद्राची योजना या दृष्टीने शहाणपणाची आहे: पडद्यावर मनसोक्त पाहावे, आणि लेण्यात मात्र थोडा वेळ, जपून, भेटीसाठी जावे.

दुसरी अडचण काळाची आहे. 220 क्रमांकाच्या लेण्यातली तांगकालीन चित्रे आज इतकी ताजी दिसतात, कारण नंतरच्या शतकांत त्यांच्यावर नवा गिलावा देऊन नवी चित्रे काढली गेली होती आणि तो थर 1940 च्या दशकात काढला गेला तेव्हाच ती उघडी पडली. म्हणजे सातव्या शतकाच्या श्रद्धेसाठी त्यानंतरच्या कोणाची तरी श्रद्धा खरवडली गेली. 1975 मध्ये त्याच लेण्याच्या प्रवेशमार्गातला वरचा थर मात्र खरवडला गेला नाही, तो अख्खा सुटा करून पुढे सरकवण्यात आला, आणि त्यामागची जुनी चित्रे व तो थर अशी दोन्ही वाचली. तीस वर्षांत पुरातत्त्वाची नीती कशी बदलली, याचा हा पुरावा एकाच दारात उभा आहे. संगणकावर थर दाखवणे, लपवणे आणि पुन्हा दाखवणे सहज शक्य असते, आणि आभासी पुरातत्त्वाचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित हाच असेल, की कोणत्या शतकाला खरे मानायचे याचा निवाडा करताना दुसऱ्या शतकाचा बळी द्यावा लागत नाही. अट एवढीच, की रंग उजळताना कुठे रासायनिक पुरावा आहे आणि कुठे अंदाज, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. 1964 च्या व्हेनिस सनदेने जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे असा दंडक घातला, आणि संगणकीय पुनर्रचनांसाठी 2006 मध्ये तयार झालेल्या व 2009 मध्ये सुधारलेल्या लंडन सनदेने तर्काला परवानगी दिली, पण तर्काची वाट नोंदवून ठेवण्याची सक्ती केली. सत्याच्या व्रताचा हा आधुनिक आविष्कार आहे, आणि दुआन यांच्या तीन प्रकारच्या प्रतींत त्याचे बीज आधीच होते. डोळे दिपवणाऱ्या अनेक आभासी रचनांत ही सक्ती पाळली जात नाही, तेव्हा प्रेक्षक अंदाजालाच दर्शन समजून घरी जातो, आणि ही फसवणूक आहे, मग ती कितीही सुंदर असो.

आता ‘कायमचे’ या शब्दाकडे. बुद्धाच्या उपदेशात संस्कार, म्हणजे जे जे घडवलेले आहे ते सारे, अनित्य आहे. तेव्हा बुद्धाचीच चित्रे अनंतकाळ राखण्याचा संकल्प हा उपदेशाचा विसर आहे काय, असा आक्षेप घेता येतो. त्याला पहिले उत्तर वस्तुस्थितीच देते. इंग्लंडमध्ये 1086 च्या जमीन-नोंदींच्या ग्रंथाच्या नऊशेव्या वर्षी, 1986 मध्ये, बीबीसीने देशाची एक नवी नोंद लेसर तबकड्यांवर केली, आणि पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली, की त्यातली माहिती सोडवण्यासाठी खास मोहीम काढावी लागली. चामड्यावर लिहिलेला नऊशे वर्षांचा ग्रंथ मात्र त्याच वेळी सहज वाचता येत होता. संगणकातले अंक पिवळे पडत नाहीत हे खरे, परंतु ते ज्या माध्यमावर असतात ते बिघडते, ज्या मांडणीत असतात ती कालबाह्य होते, आणि दर काही वर्षांनी ते नव्या माध्यमावर, नव्या मांडणीत हलवले नाहीत तर नाहीसे होतात, तेही भिंतीसारखे हळूहळू नव्हे तर एकदम. म्हणजे अंकरूप लेणे अनित्यतेतून सुटलेले नाही. त्याची अनित्यता उलट अधिक तातडीची आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. अनित्यतेच्या शिकवणीतून निष्काळजीपणा निघत नाही. बुद्धाच्या अंतिम उपदेशाची जी परंपरा सांगितली जाते, तिच्यात अनित्यतेच्या स्मरणाला लागूनच अप्रमादाचे, म्हणजे सावधपणे झटण्याचे, आवाहन येते. देवापुढचा नंदादीप अखंड असतो तो एकच तेल जळत राहते म्हणून नव्हे, तर कोणीतरी वेळेवर तेल घालते म्हणून. अंकांची दर पिढीत नवी प्रत करणारा तंत्रज्ञ हाच दीप सांभाळत असतो, आणि ‘कायमचे’ या शब्दाला अर्थ असलाच तर तो त्या न तुटणाऱ्या सेवेचा आहे, वस्तूच्या टिकण्याचा नाही.

या सेवेच्या वाट्याला एक न फिटलेले देणेही आलेले आहे. 17 क्रमांकाच्या दालनातल्या हस्तलिखितांचा फार मोठा भाग 1907 मध्ये ऑरेल स्टाइन यांनी आणि 1908 मध्ये पेलिओ यांनी युरोपला नेला, आणि 1924 मध्ये अमेरिकेच्या लँग्डन वॉर्नर यांनी चिकट द्रव्याच्या साहाय्याने काही भित्तिचित्रे भिंतीवरून उचलून हार्वर्डला नेली. 1994 पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाने निरनिराळ्या देशांतली हस्तलिखिते संगणकावर एकत्र आणली आहेत, आणि उचललेले चित्र पडद्यावर पुन्हा भिंतीवर बसवून दाखवणेही आता शक्य आहे. अभ्यासासाठी हे अमोल आहे. पण पडद्यावर भरलेली जागा भिंतीवर रिकामीच असते, आणि प्रतिमा परत केली म्हणजे वस्तू परत करण्याचे कारण उरत नाही असा युक्तिवाद जिथे जिथे केला जातो, तिथे आभासी वारसा अन्यायाला निमूट आधार देतो, हे त्या क्षेत्रातल्या विद्वानांनी स्पष्ट बोलले पाहिजे.

फान जिनशी यांची ओळख आज मुख्यतः अंकरूप दुनहुआंगमुळे आहे, परंतु त्यांनी हाती घेतलेले सर्वांत दीर्घ काम जुन्याच पद्धतीचे होते: प्रत्येक लेण्याचे मोजमाप, रेखाचित्रे, थरांची नोंद आणि वर्णन असलेला पुरातत्त्वीय अहवाल, ज्याची जबाबदारी त्यांच्यावर 1960 च्या दशकात आली आणि ज्याचा पहिला खंड 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लेसरच्या मोजमापांनी त्या खंडातली रेखाचित्रे अचूक झाली, पण एखादी रेषा चित्रकाराची आहे की भेग आहे, हे ठरवण्यासाठी अभ्यासकाला दिवा घेऊन भिंतीसमोर उभे राहावेच लागले, आणि तिथे श्वासही घ्यावा लागला. त्या खंडात 266 ते 275 या क्रमांकांची लेणी आली आहेत.